दारापर्यंत सोबत करणारे गुरुजी : कृष्णराव अर्जुन केळूसकर

आपल्या विद्यालयाच्या प्रार्थनागृहात तथागतांची मूर्ती आहे. भिंतीवर महात्मा फुले, सावित्रीमाई, राजर्षी शाहू महाराज, महाराज सयाजीराव गायकवाड आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्या तसबिरी आहेत. रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणताना आपल्या सर्व पिढ्यांनी या तसबिरी पाहिल्या आहेत. त्या भिंतीवर एक तसबीर नाही आणि ती का नाही, असा प्रश्न आम्हांस इतक्या वर्षांत कोणा विद्यार्थ्याने विचारला नाही. आम्हीही तो स्वतःस विचारला नव्हता. ती तसबीर कृष्णराव अर्जुन केळूसकर यांची. एका शाळेतील शिक्षक, मराठी ग्रंथकार आणि भीमराव रामजी आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्यास महाविद्यालयाच्या वाटेवर हात देणारे गुरुजी.

या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र लिहावयास घेतले, त्यास एक कारण घडले. ते लेखाच्या शेवटी सांगू. आधी गुरुजींविषयी.

केळूसचा मुलगा, मुंबईचा शिक्षक

केळूसकर गुरुजींचा जन्म २० ऑगस्ट १८६० रोजी झाला. वेंगुर्ल्याजवळचे केळूस हे त्यांचे गाव. तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यात होते; आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. कोकणातील त्या काळच्या हजारो होतकरू मुलांप्रमाणे त्यांचीही वाट मुंबईकडे गेली. मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये त्यांनी अध्यापन केले. पेशाने शिक्षक आणि वृत्तीने लेखक, असे त्यांचे जीवन होते. दिवसभर वर्गात शिकवावे आणि उरलेल्या वेळात ग्रंथ वाचावेत, लिहावेत, हा त्यांचा क्रम.

बहुजन समाजातून पुढे येऊन लेखणी हाती धरणारी माणसे त्या काळी फार थोडी होती. ग्रंथ लिहिणे हे एका विशिष्ट वर्गाचेच काम, अशी समजूत घट्ट रुजलेली असताना गुरुजींनी तुकाराम महाराजांचे चरित्र लिहिले, तथागत बुद्धांचे चरित्र लिहिले आणि पुढे छत्रपती शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्र सिद्ध केले. या शिवचरित्राच्या आधारे प्राध्यापक न. स. टाकाखाव यांनी इंग्रजीत ग्रंथ तयार केला. तो १९२१ साली प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्राबाहेरील वाचकांपर्यंत पोहोचला. इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्हांस गुरुजींची पहिली ओळख शिवचरित्रकार म्हणूनच झाली. त्यांची दुसरी ओळख, जी आपल्या समाजाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे, ती नंतर झाली.

बुद्धचरित्र १८९८ सालचे. धर्मानंद कोसंबी यांचे बुद्ध, धर्म आणि संघ हे पुस्तक त्यानंतर बारा वर्षांनी, १९१० साली आले. म्हणजे ज्या काळी सामान्य मराठी वाचकास बुद्ध ठाऊक होता तो बहुधा दशावतारांपैकी एक म्हणून, त्या काळी गुरुजींनी तथागतांची जीवनकथा मराठीत मांडली. बडोदे संस्थानच्या ग्रंथमालेसाठी हे पुस्तक लिहिले गेले, असे बाबासाहेबांनी नमूद केले आहे. बडोद्याशी जुळलेला हा धागा पुढे किती उपयोगी पडणार होता, हे ते लिहिताना गुरुजींनाही ठाऊक नसावे.

चर्नी रोडची बाग

सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत राहत होते. एकच खोली, त्याच खोलीत स्वयंपाक, सामानसुमान, माणसांची वर्दळ आणि अभ्यास. सुभेदार मुलाला लवकर निजावयास सांगत आणि मध्यरात्र उलटल्यावर, सारे घर झोपेत असताना, उठवून अभ्यासास बसवीत. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते. शाळा सुटल्यावर ते थेट घरी न जाता चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत आणि वाचीत राहत.

त्या बागेत केळूसकर गुरुजीही येत असत. इतर मुले खेळत असताना एक मुलगा रोज एकटाच पुस्तकात डोके घालून बसतो, हे त्यांनी पाहिले. एके दिवशी त्यांनी जवळ जाऊन चौकशी केली. तू कोण, कोठे शिकतोस, काय वाचतोस, असे ते साधे प्रश्न असावेत. मुलाने आपली जात सांगितली. त्या उत्तरानंतर त्या काळातील किती माणसांनी पाऊल मागे घेतले असते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. गुरुजींनी पाऊल मागे घेतले नाही. ते त्या मुलाशी बोलत राहिले, काय वाचावे ते सांगू लागले, वाचावयास पुस्तके देऊ लागले. सुभेदारांशीही त्यांचा स्नेह होता.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी, असे आम्हांस वाटते. भीमराव हे गुरुजींच्या शाळेचे विद्यार्थी नव्हते. त्यांच्या हजेरीपटावर ते नाव नव्हते. त्या मुलाच्या निकालावर गुरुजींची वेतनवाढ अवलंबून नव्हती. बागेतून उठून घरी जावे, एवढेच त्यांचे कर्तव्य होते. तरी त्यांनी विचारपूस केली.

एक पुस्तक

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे ही त्या काळी एवढी मोठी गोष्ट होती की समाजाने सत्कार घडवून आणला. सीताराम केशव बोले त्या सभेचे अध्यक्ष होते, गुरुजी उपस्थित होते आणि त्यांनी आपले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले, असे बाबासाहेबांचे चरित्रकार लिहितात. खुद्द बाबासाहेबांनी मात्र हा प्रसंग इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरचा म्हणून नोंदविला आहे. त्यांच्या आठवणीप्रमाणे सुभेदारांचा सत्काराला विरोध होता. अशाने मुलगा शेफारून जाईल, असे त्यांना वाटे. तेव्हा मंडळींनी दादा केळूसकरांना गाठले, त्यांनी सुभेदारांची समजूत घातली, सभेचे अध्यक्षपदही त्यांनीच भूषविले आणि शेवटी पुस्तक दिले. साल आणि अध्यक्ष याबाबत या दोन हकिकतींत फरक आहे. पुस्तक कोणते आणि देणारा कोण, याबाबत दोहोंत एकवाक्यता आहे.

मॅट्रिकच्या त्या परीक्षेत भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या हिशेबाने अडतीस टक्केही भरत नाहीत. संस्कृत शिकण्याची वाट त्यांच्यासाठी जातीमुळे बंद होती, म्हणून फारसी घ्यावी लागली होती. आम्ही हा आकडा वर्गात मुद्दाम सांगतो. निकालाच्या दिवशी फलकावर पहिल्या तीन क्रमांकांची नावे लावून आपण मोकळे होतो. त्या फलकावर भीमरावांचे नाव आले नसते. गुरुजींनी मात्र गुणपत्रिकेआधी तो मुलगा पाहिला होता. रोज संध्याकाळी, ऊन उतरेपर्यंत, वाचताना पाहिला होता.

ते पुस्तक भीमरावांनी वाचले आणि त्यांच्या मनावर त्याचा खोल परिणाम झाला. पुढे त्यांनी वडिलांनाच प्रश्न केला की, आम्हांला रामायण-महाभारत वाचावयास लावता, मग बुद्धाची ओळख का करून दिली नाही? सुभेदारांनी द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांची उदाहरणे देऊन, हीन लेखल्या गेलेल्या मुलांच्या मनातील न्यूनगंड जावा म्हणून ते ग्रंथ वाचून घेतो, असे सांगितले. मुलाचे समाधान झाले नाही. एका भेट दिलेल्या पुस्तकाने एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला प्रश्न विचारण्याचे बळ दिले. त्या प्रश्नाचे उत्तर मिळावयास पुढील अर्धे शतक लागले.

महाराजांच्या भेटीस

मॅट्रिकनंतर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. प्रकृतीच्या कारणाने त्यांचे एक वर्ष वाया गेले. पुढे ते इंटर उत्तीर्ण झाले. पण तोवर सुभेदारांची आर्थिक शक्ती संपत आली होती. निवृत्तिवेतनावर चालणारे घर, थोरल्या मुलाची नोकरी आणि कॉलेजचा वाढता खर्च. हुशार मुलाचे शिक्षण थांबण्याचा हा नेहमीचा टप्पा आहे. शाळा संपताना नव्हे, पदवीच्या अध्यावर. घरात कोणी मोठ्याने भांडत नाही, कोणी शिक्षण सोड असे सांगत नाही. मुलगा स्वतःच एके दिवशी पुस्तके बांधून ठेवतो.

गुरुजींनी हे होऊ दिले नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मुंबईच्या एका सभेत, अस्पृश्य समाजातील लायक विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी साहाय्य करण्याची तयारी दर्शविली होती. सभेतील अशा घोषणा बहुधा सभेबरोबरच विरून जातात. गुरुजींनी ती घोषणा लक्षात ठेवली. ते महाराजांकडे गेले, भीमरावांना सोबत घेऊन गेले, त्यांची ओळख करून दिली. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली.

मार्गदर्शकाचे काम नेमके कोठून कोठपर्यंत असते, हे या भेटीत फार स्पष्ट दिसते. मदत देणारा महाराज होता. मदतीस पात्र असलेला विद्यार्थी होता. दोघेही एकाच मुंबईत होते. तरी मध्ये कोणी तिसरा माणूस नसता, तर दोघांची गाठ पडली नसती. गुरुजींनी आपल्या खिशातून शिष्यवृत्ती दिली नाही. तेवढी त्यांची ऐपत असण्याचे कारणही नव्हते. त्यांच्याजवळ होती ती माहिती, ओळख आणि शब्दाची पत. या तिन्ही गोष्टी त्यांनी एका विद्यार्थ्यासाठी खर्च केल्या. आणि महाराजांसमोर प्रश्नांची उत्तरे मात्र त्या विद्यार्थ्यानेच दिली. गुरुजी दारापर्यंत सोबत गेले; आत उभे राहणे भीमरावांचे होते.

एल्फिन्स्टन कॉलेजातही एक सहृदय अध्यापक त्यांना लाभले. प्राध्यापक म्युलर त्यांना पुस्तके देत, कपडेही देत. याच कॉलेजातील उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा किंवा पाणी देत नसे, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. एकाच इमारतीत दोन्ही होते. भीमराव बी.ए. झाले, तेव्हा त्यांचे विषय इंग्रजी आणि फारसी होते.

१९१३ हे वर्ष दुःखाने सुरू झाले. २ फेब्रुवारीस सुभेदार रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी बडोदे सरकारने अमेरिकेत शिक्षणासाठी त्यांची निवड केली. ४ जून रोजी करारावर सह्या झाल्या. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

दूरदेशीचे मार्गदर्शक

कोलंबियात त्यांना प्राध्यापक एडविन सेलिग्मन भेटले, तर पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक एडविन कॅनन. आपल्या विद्यार्थ्यांनी या दोघांची नावे स्मरणात ठेवावीत, कारण विद्यापीठातील मार्गदर्शक कसा असावा, याचे हे दोन नमुने आहेत. सेलिग्मन यांनी भीमरावांच्या प्रबंधाला मार्गदर्शन केले, लंडनच्या विद्वानांकडे त्यांची ओळख पोहोचविली आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांच्या १९२५ सालच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. तो ग्रंथ बाबासाहेबांनी सयाजीराव महाराजांना, शिक्षणासाठी केलेल्या साहाय्याच्या स्मरणार्थ, अर्पण केला. कॅनन यांनी रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ सालच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेतच विद्यार्थ्याच्या अनेक मतांशी आपण सहमत नसल्याचे नमूद केले. मतभेद राखूनही विद्यार्थ्याच्या विचारांतील ताजेपणाचा त्यांनी गौरव केला. शिष्याने आपल्यासारखाच विचार करावा, असा आग्रह त्यांनी धरला नाही.

चर्नी रोडच्या बागेतील शिक्षक आणि लंडनचा अर्थशास्त्रज्ञ यांच्यात विद्वत्तेचे, देशाचे, भाषेचे अंतर फार मोठे. तरी विद्यार्थ्याला मोकळे सोडण्याचा गुण दोघांत समान होता.

जेथे गुरुजींचा हात पोहोचला नाही

गुरुजींचे चरित्र केवळ यशाचे म्हणून सांगणे सत्याला धरून होणार नाही. १९१७ च्या ऑगस्टमध्ये भीमराव मायदेशी परतले आणि कराराप्रमाणे बडोद्यास नोकरीस गेले. अमेरिकेच्या विद्यापीठातून शिकून आलेल्या त्या तरुणास बडोद्यात राहावयास खोली मिळेना. कचेरीतील शिपाई दुरून कागद फेकीत. पारशी विश्रामगृहात त्यांनी आश्रय घेतला, तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले. तो वड आज संकल्पभूमी म्हणून आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे.

भीमराव मुंबईस परतल्यावर गुरुजी पुन्हा त्यांच्यासाठी उभे राहिले. त्यांनी बडोद्यातील आपल्या परिचयाच्या एका प्राध्यापकांच्या घरी भीमरावांच्या राहण्याची सोय लावून दिली. त्या आशेने भीमराव पुन्हा बडोद्यास गेले. स्थानकावर उतरताच प्राध्यापकांचा निरोप हाती पडला : घरातील मंडळींची तयारी नाही. ते आल्या पावली परतले.

आम्ही या प्रसंगावर पुष्कळ विचार केला आहे. ज्या गुरुजींच्या शब्दाने महाराजांचे दार उघडले, त्याच गुरुजींच्या शब्दाने एका सुशिक्षित घरातील खोली उघडली नाही. यात गुरुजींची कसूर नव्हती. एका भल्या माणसाची पत कोठे संपते आणि समाजाची व्यवस्था कोठे सुरू होते, ती सीमा त्या दिवशी बडोद्याच्या स्थानकावर दिसली. चांगला माणूस भेटणे हा योग असतो. योगावर एखादा विद्यार्थी तरून जाईल. सारा समाज तरून जाऊ शकत नाही. बाबासाहेबांनी हे ओळखले होते, असे त्यांचे पुढील कार्य सांगते.

योगाचे संस्थेत रूपांतर

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच जानेवारीत सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. ज्यांना कोणी खोली देत नाही, त्यांच्यासाठी आधी खोली. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्यांची मागणी लावून धरली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० च्या जूनमध्ये आपल्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू झाले. तेच मिलिंद महाविद्यालय. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या हाती त्याची धुरा दिली गेली. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली.

नावाची निवडही पाहण्यासारखी आहे. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तर देणारा भिक्षू. महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव मिळाले आणि ज्या परिसरात ते वसले, त्या नागसेनवनाला उत्तर देणाऱ्याचे. विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांचे नाते त्या दोन नावांत सामावले आहे. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेली, घरात पहिल्यांदाच पाटी हाती धरलेली मुले तेथे शिकली, वसतिगृहांत राहिली, लिहू लागली. आमच्या शिक्षकांपैकी कितीतरी जण त्याच नागसेनवनातून आले. फुलंब्रीच्या माळावर आपले हे निवासी विद्यालय उभे राहिले, त्याच्या पायातील एक दगड नागसेनवनातलाच आहे, असे आम्ही मानतो.

चौदा ऑक्टोबर

केळूसकर गुरुजींचे निधन १४ ऑक्टोबर १९३४ रोजी झाले. जवळजवळ एका वर्षाने, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यास बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, गुरुजींच्या निधनास बावीस वर्षे पूर्ण झाली त्याच तारखेस, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. हा तिथी-तारखांचा योगायोग आहे. बाबासाहेबांनी दिवस निवडला तो अशोक विजयादशमीचा. आम्ही त्यातून काही चमत्कार सुचवीत नाही. परंतु दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तनाच्या त्या तारखेस पहिले बुद्धचरित्र हाती देणाऱ्या शिक्षकाचेही स्मरण व्हावे, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

कारण बाबासाहेब स्वतः त्यांना विसरले नव्हते. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत, आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना, त्यांनी दादा केळूसकरांचे आणि त्या पुस्तकाचे नाव कृतज्ञतेने घेतले. ही प्रस्तावना ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, म्हणून अनेक घरांतील प्रतींत ती आढळत नाही. ५ डिसेंबरच्या त्या शेवटच्या रात्री बाबासाहेबांनी आपल्या या ग्रंथाची प्रस्तावना नजरेखालून घालण्यासाठी उशाशी ठेवावयास सांगितली होती. जगातील मोठमोठ्या विद्यापीठांच्या पदव्या ज्यांच्या नावापुढे होत्या, त्यांनी आयुष्याच्या अखेरीस एका शाळामास्तराचे ऋण लिहून ठेवले.

काही तरुण मित्र आम्हांस विचारतात की, गुरुजींची थोरवी सांगताना बाबासाहेबांचे कर्तृत्व दुसऱ्याच्या उपकाराखाली झाकले जात नाही काय? प्रश्न योग्य आहे. बाबासाहेब घडले ते स्वतःच्या अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाने, सुभेदार रामजींच्या जागरणाने, माता रमाईंच्या त्यागाने. गुरुजींनी त्यांना घडविले, असे गुरुजींनीही म्हटले नसते. पण कृतज्ञता हा बौद्ध जीवनातील गुण आहे. मंगलसुत्तातील मंगलांत कृतज्ञतेची गणना आहे, आणि आपली मुले ते सुत्त पाठ म्हणतात. उपकार मानल्याने माणूस लहान होत नाही.

आमची कबुली

आता ज्या कारणाने हा लेख लिहिला, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी फुलंब्रीच्या बसस्थानकावर आमचा एक माजी विद्यार्थी भेटला. वसतिगृहातील चांगला वाचणारा मुलगा. भाषणस्पर्धेत बक्षिसे घेतलेला. कोणत्या वर्षात आहेस, असे विचारले, तेव्हा त्याने मान खाली घातली. पहिल्याच वर्षी कॉलेज सुटले होते. नातेवाइकाने सांगितले म्हणून विज्ञान शाखा घेतली होती. मन इतिहासात होते. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेवर मिळाला नाही, अर्ज भरण्याची मुदत गेली, वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही. खोलीचे भाडे दोन महिने थकले. मग वाळूजच्या कारखान्यात काम धरले. आम्हांला का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर तो एवढेच सांगू शकला की, शाळा संपली होती, मग कोणाला सांगायचे ते कळले नाही.

त्याच्यात बुद्धीची उणीव नव्हती. महाडीबीटीचा अर्ज, स्वाधार योजना, जात वैधता प्रमाणपत्र, सेतू केंद्रातील दाखले, विषय बदलण्याची मुदत : यांतील एकही गोष्ट अशी नव्हती, जी आमच्यापैकी कोणीतरी एका संध्याकाळी समजावून सांगू शकला नसता. आम्ही निरोप समारंभात त्याच्या हाती गुलाबाचे फूल दिले, फोटो काढला, डोळे पुसले आणि हजेरीपटातून त्याचे नाव कमी केले. हजेरीपटाबाहेरचा मुलगा आमचा उरला नाही. केळूसकर गुरुजींनी हजेरीपटाबाहेरच्याच मुलाची विचारपूस केली होती.

महाविद्यालयांत आता मेंटॉर म्हणून एकेका प्राध्यापकाकडे विद्यार्थी नेमून दिलेले असतात. योजना चांगली आहे आणि काही प्राध्यापक ती मनापासून राबवितात. परंतु खेड्यातून गेलेला मुलगा पहिल्या वर्षी त्या दारापर्यंत जाण्यास संकोचतो. त्याच्यासोबत दारापर्यंत जाणारे कोणी तरी हवे असते. ते काम आपले आहे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही माजी विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर एक विनंती ठेवतो. विद्यालयाच्या कार्यालयात आम्ही एक वही ठेवली आहे. यंदा बारावी होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचे नाव त्या वहीच्या डाव्या बाजूस लिहिले आहे. उजवी बाजू कोरी आहे. तेथे एका माजी विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने आपले नाव लिहावे. पैसे द्यावेत, असे आम्ही म्हणत नाही. पदवी हाती पडेपर्यंत, महिन्यातून एकदा त्या मुलाची विचारपूस करावी. विषय मनाजोगा आहे काय, अर्ज भरला काय, खोली मिळाली काय, जेवण होते काय, हे विचारावे. शक्य तर एक पुस्तक द्यावे. अडचण आल्यास योग्य माणसाकडे घेऊन जावे. त्याने आपल्या मताप्रमाणे चालावे, असा हट्ट मात्र धरू नये. पदवी मिळाल्यावर आपले नाव घेतले गेले नाही, तरी वाईट वाटून घेऊ नये.

वहीच्या उजव्या बाजूस पहिले नाव आम्ही आमचे लिहिले आहे, बसस्थानकावर भेटलेल्या त्या मुलासमोर. त्याने आता मुक्त विद्यापीठात इतिहास विषयासाठी प्रवेश घेतला आहे. कारखान्यातून सुटल्यावर तो वाचतो. उशीर झाला, पण दार बंद झालेले नाही.

आणि प्रार्थनागृहातील भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी, येत्या १४ ऑक्टोबरला केळूसकर गुरुजींची तसबीर लावण्याचे ठरले आहे. कार्यक्रमास सर्वांनी सहकुटुंब यावे. येताना कार्यालयातील ती वही अवश्य पाहावी.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!